डेस्कटॉप काढणं इतकं नाजूक का झालं?

लिनक्सवरचा डेस्कटॉप, म्हणजे पॅनेल, खिडक्या, मेनू असा पडद्यावर दिसणारा सगळा संच, यंत्रावरून काढून टाकायला लोक बिचकतात, आणि त्यांची भीती रास्त आहे. लिनक्सवर प्रोग्रॅम ‘पॅकेज’ नावाच्या गठ्ठ्यांत येतात, आणि ते बसवणाऱ्या-काढणाऱ्या व्यवस्थेच्या लेखी ‘डेस्कटॉप’ नावाची एकसंध वस्तूच नसते.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हता. १९८७ साली आलेल्या एक्स-११ या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या प्रणालीवर ज्याने-त्याने खिडक्या सांभाळणारा आवडीचा विंडो मॅनेजर निवडायचा. नको झाला तर ते एक पॅकेज काढायचं. ऑक्टोबर १९९६मध्ये माथियास एट्रिख यांनी केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली. पॅनेलपासून फाइल मॅनेजरपर्यंत सगळं एका वळणाचं असावं, ही त्यांची कल्पना. केडीई ज्या क्यूटी नावाच्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीवर उभं होतं तिचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता, म्हणून ऑगस्ट १९९७मध्ये ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं काम सुरू झालं. दोन्ही संच पुढे शेकडो पॅकेजांत विखुरले.

ती नावं वापरणाऱ्याने एकेक करून कशी टाइप करायची? डेबियन-उबुंटू या लिनक्स वितरणांनी त्यावर मेटापॅकेज आणलं. केडीईचा डेस्कटॉप बसवणाऱ्या ‘कुबुंटू-डेस्कटॉप’मध्ये स्वतःचा प्रोग्रॅम एकही नाही, आहे ती फक्त इतर पॅकेजांची यादी. बसवताना ही यादी फार कामाची. काढताना मात्र ॲप्ट या पॅकेजं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला ‘ॲप्ट रिमूव्ह कुबुंटू-डेस्कटॉप’ म्हटलं की तेवढी यादी जाते, काही किलोबाइट मोकळे होतात आणि प्लाझ्मा, म्हणजे केडीईचा डेस्कटॉप, जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे एकेकाळी पानभर लांबीच्या, पॅकेजांच्या नावांनी भरलेल्या कमांड लोक एकमेकांना देत. उबुंटूची आवृत्ती बदलली की त्या जुन्या होत.

यावरचा खरा उपाय म्हणजे दुसऱ्या पॅकेजाच्या गरजेपोटी आपोआप आलेल्या पॅकेजांवर खूण ठेवणं. ती सोय आधी ॲप्टिट्यूड या ॲप्टसारख्याच प्रोग्रॅममध्ये होती, नंतर ॲप्टच्या ॲप्ट-गेट या कमांडमध्ये ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणून आली. दुसऱ्या कोणत्याही पॅकेजाला गरज नसलेली पॅकेजं आता एका फटक्यात निघू लागली, आणि धोकाही इथेच शिरला. इंटरनेटची जोडणी सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर डेस्कटॉपच्या ओढीने आलेला असेल, तर तोही त्या यादीत सापडू शकतो. मग समोर काळा पडदा, आणि काही परत बसवावं तर इंटरनेट नाही. म्हणून माझा आग्रह असतो: आधी ‘-एस’ लावून कमांडची नुसती रंगीत तालीम घ्या, काय-काय जाणार ती यादी ओळ न ओळ वाचा, आणि दुसरा डेस्कटॉप व त्याचा लॉगिन पडदा चालतो याची खात्री करूनच पुढे जा.

२०११मध्ये ग्नोम ३ आणि उबुंटूचा युनिटी हे नव्या वळणाचे डेस्कटॉप आल्यावर नाराज मंडळींनी एकाच यंत्रावर दोन-तीन डेस्कटॉप बसवून पाहिले, आणि सफाईची गरज वाढली. २०२१च्या नोव्हेंबरात तर एका नामवंत यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्स वितरणावर स्टीम हे खेळांचं ॲप बसवताना ॲप्टच्या इशाऱ्यानंतरही ‘यस, डू ॲज आय से!’ टाइप केलं आणि डेस्कटॉपच उडाला. मूळ दोष पॅकेजांच्या न जुळणाऱ्या आवृत्त्यांचा होता, पण त्यानंतर ॲप्टने ती वाटच बंद केली. अत्यावश्यक पॅकेज काढायचं तर आता वेगळा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो.

होम फोल्डरमधल्या सेटिंग्जना मात्र पॅकेज त्याच्या प्रणालीतल्या सेटिंग्जसकट काढणारी ‘पर्ज’ कमांडसुद्धा हात लावत नाही, कारण त्या वापरणाऱ्याच्या मालकीच्या. वर्षभराने तोच डेस्कटॉप पुन्हा बसवला, तर जुनं पॅनेल होतं तसं समोर येऊ शकतं.