ब्रीद आणि जयघोष: सरकारी गाडीवर काय शोभतं?

आमच्या ग्रामपंचायतीनं कचऱ्यासाठी घंटागाडी घेतली, तेव्हाची गोष्ट. गाडीवर नाव टाकायला पेंटर आला. दोन्ही बाजू लिहून झाल्यावर मागच्या फाळक्याकडे बोट दाखवत त्यानं विचारलं, "भाऊ, इथं 'गण गण गणात बोते' लिहून देऊ काय?"

आमच्या भागात हे विचारणं अगदी सहज आहे. शेगाव जवळ, घरोघरी गजानन महाराजांचा फोटो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, काळीपिवळीच्या काचेवर हेच शब्द. कोणाच्या मनात खोट नव्हती. पण एक सदस्य म्हणाले, "मंग 'नमो बुद्धाय' काहून नाही?" त्यावर शेजारचे काका उसळले, "एसटीचं ब्रीद बुद्धाचंच हाये, ते कसं चालते? सरकारी शिक्क्यावरचं 'सत्यमेव जयते' उपनिषदातलं हाये, ते कसं चालते? आमच्याच महाराजांचं काहून नाही चालत?"

काकांचा प्रश्न रास्त होता, आणि 'सरकारी गाडीवर देवाधर्माचं काही नको' एवढं म्हणून तो सुटत नाही. कारण आपल्या सरकारी ब्रीदवाक्यांपैकी कितीतरी धर्मग्रंथांतूनच आली आहेत. 'सत्यमेव जयते' मुंडक उपनिषदातलं. 26 जानेवारी 1950 रोजी सारनाथच्या सिंहमुद्रेसोबत ते भारताच्या राजमुद्रेत आलं. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे एसटीचंही ब्रीद आणि आकाशवाणीचंही; बुद्धानं आपल्या पहिल्या भिक्खूंना गावोगाव फिरायला सांगितलं, तेव्हाचे ते शब्द. सर्वोच्च न्यायालयाचं 'यतो धर्मस्ततो जयः' महाभारतातलं. मग फरक कुठे आहे?

माझ्या मते शब्द कुठून आले यावर तो ठरत नाही. ते कोण कोणाला म्हणतंय, यावर ठरतो. ब्रीद म्हणजे संस्थेनं लोकांना दिलेला शब्द. जयघोष म्हणजे भक्तानं आपल्या देवाला घातलेली साद. भिंतीवर रंगवल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून गफलत होते.

एसटीचं उदाहरण घ्या. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, आणि आज आडवळणाच्या फाट्यावरही लोक तिची वाट पाहत उभे असतात. बस न थांबता निघून गेली तर आगारात जाऊन म्हातारा माणूस विचारू शकतो, "बहुजन हिताय म्हणता ना, मंग आमी बहुजन नाही काय?" ब्रीद धरून संस्थेला जाब विचारता येतो. विचारणारा बौद्ध असो, कुणबी असो, मुसलमान असो, त्या शब्दांवर त्याचा हक्क सारखाच. आता त्याच बसवर एखाद्या देवाचा जयजयकार लिहिला आहे असं धरा. त्यावरून कोणी कोणाला काय विचारणार? त्यात संस्थेनं कसलीच हमी दिलेली नाही. उलट चढणाऱ्यालाच कळतं की ही गाडी अमक्या भक्तांची आहे, मग तो त्यांच्यातला असो वा नसो.

याहून बोलकं उदाहरण आयुर्विमा महामंडळाचं. त्याचं ब्रीद 'योगक्षेमं वहाम्यहम्' थेट गीतेच्या नवव्या अध्यायातलं. गीतेत हे आश्वासन भगवंत भक्ताला देतात. महामंडळानं तेच शब्द घेतले, पण देणारा आणि घेणारा दोघेही बदलले. आता ते वचन विमा घेणाऱ्या प्रत्येकाला आहे, मग तो गीता मानणारा असो की नसो. मूळ धार्मिक असूनही वाक्य सर्वांचं कसं होतं, ते इथं स्वच्छ दिसतं.

सगळीच उदाहरणं अशी सरळ बसत नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे. नौदलाचं 'शं नो वरुणः' ही सरळ सरळ प्रार्थनाच आहे: वरुण आमचं कल्याण करो. माझ्या कसोटीवर ते जयघोषाच्या बाजूला झुकतं. समुद्रावर जीव टांगणीला लागलेल्या माणसांचे शब्द म्हणून मला ते भिडतात, पण म्हणून ते ब्रीद ठरतं असं मी म्हणणार नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या 'असतो मा सद्गमय' या प्रार्थनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हाही हीच गाठ पडली. सरकारच्या वतीनं न्यायालयाच्याच ब्रीदाकडे बोट दाखवलं गेलं, आणि जानेवारी 2019 मध्ये दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. आमच्या काकांनी घंटागाडीजवळ जे विचारलं, ते दिल्लीतही विचारलं गेलं होतं.

आपल्या घटनेनं मात्र एक दिशा फार आधी दाखवली आहे. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा सुरू होती. मध्य प्रांत व वऱ्हाडातून, म्हणजे आपल्याच जुन्या प्रांतातून, निवडून गेलेले ह. वि. कामत यांनी सुचवलं, की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावे' अशी व्हावी. मतदान झालं. बाजूनं 41, विरोधात 68. विरोध करणारे सगळे नास्तिक होते असं मुळीच नाही. श्रद्धा ज्याची त्याची, ती सर्वांच्या नावानं लिहू नये, असं त्यांतल्या काहींचं म्हणणं होतं. त्याच घटनेत मंत्र्याच्या शपथेला मात्र दोन वाटा ठेवल्या: ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. माणसाला देवाचं नाव घेण्याची मोकळीक आहे, सर्वांच्या कागदावर ते नाव सर्वांच्या वतीनं नाही. ही फोड मला फार मोलाची वाटते.

अमेरिकेनं उलटी वाट धरली. 'आमचा देवावर भरवसा आहे' हे वाक्य 1956 मध्ये तिथलं राष्ट्रीय ब्रीद झालं, आणि आता काही ठिकाणी पोलिसांच्या गाड्यांवरही ते चिकटवतात. 1970 मध्ये तिथल्या एका न्यायालयानं ते चालू ठेवलं, कारण काय, तर हे शब्द देशभक्तीचे आणि समारंभाचे आहेत, सरकारनं धर्माचा पुरस्कार करण्याशी त्यांचं खरं साम्य नाही. हे वाचून मला वाईट वाटलं. देवाचं नाव गाडीवर ठेवायचं आणि टिकवण्यासाठी सांगायचं की यातला देव मनावर घेऊ नका. खऱ्या भाविकाला हे कसं सोसवेल?

मधल्या जागेचं काय? एसटीचा चालक सकाळी स्टिअरिंगला हात जोडतो, समोर छोटा फोटो ठेवतो, झेंडूचा हार घालतो. ती त्याची श्रद्धा, कलम 25 नं त्याला दिलेली. त्याला कोणी अडवू नये. खंडेनवमीला आगारात हत्यारांची पूजा होते, तीही कष्टकऱ्याची आपल्या अवजाराशी असलेली कृतज्ञता आहे. पण बसचा पत्रा त्याचा नाही. ग्रामसेवकाच्या टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो असला तर तो ग्रामसेवकाचा. सरपंचाच्या खुर्चीमागे भिंतभर असला तर तो ग्रामपंचायतीचा होतो. आणि स्वतःच्या ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर हवं ते लिहा, फक्त नंबर प्लेट सोडून. तिथं नोंदणी क्रमांकाखेरीज काही चालत नाही.

आमच्या विदर्भात हे जास्त जपायला हवं. एकाच बाजारात 'राम राम', 'जय भीम', महानुभावांचं 'दंडवत प्रणाम', गडचिरोली–चंद्रपूरकडे गेलं की गोंड बांधवांचं 'जय सेवा', आणि 'सलाम' ऐकू येतो. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात. घंटागाडी या सगळ्यांच्या दारात थांबते, आणि तिचं डिझेल सगळ्यांच्या घरपट्टीतून येतं.

मी हे सगळं त्या दिवशी इतकं नीट सांगू शकलो नाही. एवढंच म्हणालो, "काका, गाडी घरासमोर आली की बाईनं काय वाचावं? आपण तिले काय देणार, ते लिहा." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग फाळक्यावर 'ओला कचरा, सुका कचरा वेगळा द्या' आणि खाली 'रोज सकाळी आपल्या दारी' असं लिहायचं ठरलं. पेंटर संध्याकाळी काकांच्या वाड्यात गेला. तिथं त्यांच्या स्वतःच्या ट्रॉलीवर त्यानं लाल रंगात, पांढरी किनार देऊन, 'गण गण गणात बोते' लिहिलं. पैसे काकांनी आपल्या खिशातून दिले.