कचऱ्याचे पैसे टनावर, जमिनीचे कोणाच्या खात्यावर? : भांडेवाडीच्या निमित्ताने

नागपूरच्या भांडेवाडी डम्पिंग यार्डातला जुना कचरा बायोमायनिंगने, म्हणजे ढीग उकरून आणि चाळून वेगळा करत, हटू लागला, तेव्हापासून मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर काय उभारायचे याची चर्चा सुरू आहे. त्या जमिनीच्या पोटात काय मुरले आहे हे तपासण्याचा खर्च कोणी करायचा, यावर फारसे कोणी बोलत नाही.

वापरून झालेली जमीन नागपुरात पूर्वीही बाजारात आली. 1877 साली सुरू झालेली एम्प्रेस मिल 1986 मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली, पुढे बंद पडली आणि जागेवर मॉल उभा राहिला. गिरणीच्या जागेची आधी प्रदूषित भूखंड म्हणून तपासणी करा, असे सांगणारा स्वतंत्र कायदाच तेव्हा देशात नव्हता.

सरकारी पैशाचा विषय खरा सुरू होतो 2010 पासून. कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसला आणि 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर गेला. नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-कामठीच्या कोळशानेही तो भरला. त्यातून उभ्या राहिलेल्या स्वच्छ ऊर्जा निधीत घातक कचऱ्याने बाधित जागांचे काही प्रकल्पही बसवले गेले. मात्र गोळा झालेल्या 86 हजार कोटींहून अधिक रकमेपैकी प्रत्यक्ष वापरले गेले जेमतेम 16 हजार कोटी. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला आणि जमीन शुद्धीकरणाचा हक्काचा स्रोत आटला.

2021 मध्ये स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा आला. त्यात जुन्या कचऱ्यासाठी टनामागे 550 रुपयांचा हिशोब धरला गेला. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना त्यातला 25 टक्के वाटा केंद्राचा, म्हणजे नागपूरच्या वाट्याला टनामागे साधारण 137 रुपये. हिशोब टनांचा असल्याने ढिगाचे घनफळ काटेकोर मोजले जाते. ट्रॉमेलच्या फिरत्या चाळणीतून प्लॅस्टिक-चिंध्या एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे आणि काळपट बारीक माती खाली पडते. ढीग संपला की काम संपले. खालच्या थरात उतरलेल्या लिचेटला, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या दूषित पाण्याला, टनाचा दर लागू होत नाही. त्यात पूर्व नागपूरखाली पश्चिमेसारखा बेसाल्ट नाही, जुना स्फटिकी खडक आहे. पाणी त्याच्या भेगांतून वाट काढते, त्यामुळे एका विहिरीचा नमुना चांगला आला म्हणून शेजारच्या विहिरीचीही खात्री देता येत नाही.

सगळा गुंता झाला तो 24 जुलै 2025 च्या अधिसूचनेने. प्रदूषित जागांसाठीचे देशातले हे पहिले स्वतंत्र नियम. संशयित जागेची प्राथमिक तपासणी 90 दिवसांत, गरज पडली तर सविस्तर तपासणी पुढच्या 90 दिवसांत. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर भार केंद्र आणि राज्याने उचलायचा. कागदावर ही मोठीच सोय होती. पण त्याच नियमांनी चार गोष्टी बाहेर ठेवल्या : किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि डम्पिंग यार्डचा घनकचरा. कारण दिले गेले ते यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत, असे. घनकचऱ्याचे नियम ढीग हटवायला सांगतात हे खरे. पण खालच्या जमिनीच्या तपासणीला पैसे कुठून आणायचे, याचे उत्तर त्यात शोधून सापडत नाही.

या वगळण्याला एक परंतुक जोडलेले आहे. घनकचऱ्यात घातक द्रव्य मिसळलेले असेल आणि त्याचे प्रमाण ठरवलेल्या पातळीपलीकडे गेले, तर जागा पुन्हा या नियमांत येते. प्रमाण ओलांडले हे सिद्ध करायला आधी तपासणी हवी, आणि नियमांतल्या तपासणीसाठी जागा आधी नियमांत हवी. वर्षानुवर्षे जिथे घरगुती कचऱ्यासोबत बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे सरसकट पडत आले, त्या जागेबद्दल ही अट घालणे म्हणजे अंगाला न लावून घेण्याचाच प्रकार.

संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी कळवायचे काम नियमांनी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाकडे दिले आहे. भांडेवाडीत स्थानिक संस्था म्हणजे महापालिका. कचरा टाकणारी तीच, ढीग हटवण्याचे कंत्राट देणारी तीच. तिने स्वतःहून ही जागा यादीत घातली आणि दोष सापडला, तर प्रदूषण करणारा म्हणून खर्चाची नोटीस तिच्याच नावाने निघू शकते.