मेंढ्या, सोयाबीन आणि पोटातले जंतू

माझा भाचा जिमला जायला लागलाय. परवा बहिणीनं सोया चंक्सची भाजी केली, तर यानं वाटी बाजूला सरकवली. "मामा, यात इस्ट्रोजेन असतं. पुरुषांना बायकांसारखी छाती येते." पुरावा म्हणून मोबाइलवरचा फॉरवर्ड दाखवला.

इस्ट्रोजेन म्हणजे मुख्यतः बायकांच्या शरीरातलं हॉर्मोन. सोयाबीनमध्ये ते नसतं. इस्ट्रोजेनसारखे दिसणारे रेणू असतात. आता या 'सारखे'त किती दम आहे, हे समजून घ्यायला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुरणांवर जावं लागतं.

1940च्या दशकात तिथे कळपच्या कळप गाभण राहीनात. मेंढ्या माजावर यायच्या, मेंढा लागायचा, पण गाभ धरायचा नाही. ज्यांना धरला त्यांतल्या कित्येक विताना अडायच्या, काहींचं अंग बाहेर यायचं. कहर म्हणजे खच्ची केलेल्या नरांच्या सडांना दूध उतरलं! 1946 साली बेनेट्स, अंडरवुड आणि शायर यांनी कुरणातल्या क्लोव्हरवर बोट ठेवलं. हे क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचंच भावंड. मूळ भूमध्य समुद्राकडचं. स्वतःच्या शेंगा जमिनीत पुरतं, जमिनीला नत्र देतं, म्हणून शेतकऱ्यांनी हौसेनं पसरवलेलं.

आता माझा आवडता भाग. शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन म्हणजे इस्ट्राडायोल. त्याच्या दोन टोकांना एकेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो. पेशीत हॉर्मोनचा निरोप घेणारं एक प्रथिन असतं, रिसेप्टर. त्याची खोबणी ही दोन टोकं धरून ठेवते. खोबणी मात्र चांगली ऐसपैस आहे, इस्ट्राडायोलच्या जवळजवळ दुप्पट आकारमानाची. त्यामुळे दोन टोकं साधारण तेवढ्याच अंतरावर असलेला दुसरा चपटा रेणूही तिथे मुक्काम ठोकू शकतो.

क्लोव्हरमध्ये असाच एक रेणू असतो, फॉर्मोनोनेटिन. त्याचं एक टोक मात्र मिथाइल गटाच्या टोपीनं झाकलेलं असतं. तसंच राहिलं तर ते फारसं काही करत नाही. पण मेंढीच्या मोठ्या पोटात, जिथे चारा आंबतो तिथे, जंतू ही टोपी उतरवतात. झालं डायडझीन. मग त्यावर हायड्रोजन चढवतात, झालं इक्वॉल. इक्वॉल पुढे मोडत नाही, रक्तात भरत जातं. त्याच पानात बायोकॅनिन-ए नावाचा रेणू असतो. त्याची टोपी उतरली की होतं जेनिस्टीन, तेही खोबणीत बसणारं. पण चाऱ्याला सरावलेले जंतू त्याचे तुकडे करून टाकतात. संशोधकांनी आधी संशय घेतला होता तो जेनिस्टीनवर!

वर्षानुवर्षं इक्वॉल भिनलेल्या मेंढ्यांच्या गर्भाशयाच्या मुखाची घडणच बदलते, ते गर्भाशयासारखं व्हायला लागतं. एरवी तिथला दाट चिकट स्राव शुक्रजंतूंना धरून ठेवतो, तो पातळ होतो, आणि शुक्रजंतू टिकत नाहीत. कुरण बदललं तरी हे भरून येत नाही. शेवटी फॉर्मोनोनेटिन कमी असलेली वाणं काढावी लागली. (आपल्याकडच्या लसूणघासातही कुमेस्ट्रॉल नावाचा असाच एक रेणू असतो. पानांवर बुरशीचा रोग पडला की तो वाढतो. गाभ धरायच्या दिवसांत जनावरांपुढे रोगट घास टाकू नये तो यासाठी.)

माणूस म्हणजे मेंढी नव्हे. आपल्याला रुमेन, म्हणजे मेंढीचं ते चारा आंबवणारं मोठं पोट, नाही, आणि आतड्यात इक्वॉल बनवणारे जंतूही सगळ्यांकडे नसतात. शिवाय इस्ट्रोजेनचे रिसेप्टर दोन, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध 1996चा. गर्भाशयात जोर अल्फाचा, तर सोयाबीनमधलं जेनिस्टीन बीटाला जास्त पसंत करतं. पुरुषांवर झालेल्या सोयाच्या चाचण्या 2010 आणि 2021मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं दिसलं नाही. छाती वाढल्याची एक नोंद आहे खरी, पण तो गृहस्थ रोज सुमारे तीन लिटर सोया दूध पीत होता! वाटीभर भाजीनं भाच्याचं काही बिघडत नाही. तसंच 'हॉर्मोन बॅलन्स'च्या नावानं विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरींनी कुणाचं काही सुधारेल, असंही मला वाटत नाही.

काळजी करायचीच तर न मोडणाऱ्या रेणूंची करावी. गर्भनिरोधक गोळ्यांतलं एथिनिल इस्ट्राडायोल हे मुळात यकृताला चटकन मोडता येऊ नये असंच घडवलेलं. लघवीवाटे ते सांडपाण्यात जातं, तिथून नदीत. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या एका प्रायोगिक तळ्यात 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे ते मुद्दाम सोडलं. प्रमाण लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जांश. नर माशांच्या शरीरात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. रसायन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी तो परत वाढला.