ग्युंटरचा शिशुधान बेडूक

(शास्त्रीय नाव : गॅस्ट्रोथेका ग्युंटेरी). कोलंबिया व इक्वेडोर या देशांतील अँडीज पर्वताच्या मेघवनांत, सुमारे १,२०० ते २,००० मीटर उंचीवर आढळलेला झाडावर राहणारा निशाचर बेडूक. कुल हेमिफ्रॅक्टिडी. मादीच्या पाठीवरील पिशवीमुळे या प्रजातीला (गॅस्ट्रोथेका) ‘शिशुधान’, म्हणजे पिल्लांची पिशवी असलेला, हे विशेषण मिळाले. पिशवी असलेल्या कांगारूशी तिचे नाते मात्र काही नाही.

पिशवीचे तोंड मागच्या बाजूला, अवस्कराजवळ (विष्ठा, मूत्र व अंडी बाहेर पडण्याच्या सामाईक मार्गाजवळ) असते. अंडी बाहेर पडताच नर ती फलित करून मागच्या पायांनी आत सारतो. आतील अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि गर्भाचे घंटेच्या आकाराचे कल्ले त्याला लागून पसरतात, त्यातून श्वसन चालते. प्रजातीतील काही जातींत भैकेर (बेडकाची शेपटीवाली पिल्ले) पाण्यात सोडले जातात. येथे मात्र पिशवीतून थेट इवले बेडूकच बाहेर येतात.

तरीही या जातीचे खरे नवल पाठीवर नसून तोंडात आहे. बेडकांना दात असलेच तर ते वरच्या जबड्यात असतात. ज्ञात बेडकांपैकी खालच्या जबड्यातही खरे दात असलेली ही एकच जाती. प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १८८२ मध्ये तिचे वर्णन करताना ‘दोन्ही जबड्यांत दात असलेला’ अशा अर्थाची अँफिग्नॅथोडॉन ही स्वतंत्र प्रजातीच मांडली होती. जातिनाम प्राणिशास्त्रज्ञ आल्बर्ट ग्युंटर यांच्यावरून आले. हिंदुस्थानातील सरपटणाऱ्या प्राण्यांवर १८६४ मध्ये ग्रंथ लिहिणारे ते हेच.

गमावलेला गुंतागुंतीचा अवयव उत्क्रांतीत परत मिळत नाही, असा डोलोचा नियम आहे. जीवशास्त्रज्ञ जॉन वीन्स यांच्या २०११ मधील विश्लेषणानुसार बेडकांच्या पूर्वजांनी खालचे दात २३ कोटी वर्षांपूर्वीच गमावले होते, आणि या जातीत ते गेल्या ५० लाख ते १ कोटी ७० लाख वर्षांत पुन्हा उगवले. हे दातच नव्हेत, हाडाचे नुसते सुळके असतील, ही शंका २०२१ मधील अभ्यासाने फेडली : संग्रहालयांतील नमुन्यांत खऱ्या दातांत असणारे डेंटिन (आतील कठीण थर) व एनॅमल (वरचे कवच) दोन्ही सापडले. नियम सपशेल मोडला असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. वरचे दात कधी गेलेच नव्हते. दात घडवण्याची जनुकीय यंत्रणा शाबूत होती, ती खाली पुन्हा कामाला लागली.

जिवंत बेडूक शेवटचा दिसला तो १९९६ मध्ये. पुढचा अभ्यास बरण्यांत जपलेल्या मोजक्या नमुन्यांवरच झाला आहे.