रजोनिवृत्ती-उपचार व पूर्वीचे स्त्रीरोग (बेळगाव सीमाभाग)

पाळी सलग 12 महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. गर्भाशयातील गाठी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ठिपके गर्भाशयाबाहेर वाढणे), गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया किंवा स्तनाचा कर्करोग यांपैकी काही आधी होऊन गेले असल्यास रजोनिवृत्तीच्या त्रासावरील उपचार बदलावे लागतात. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या मराठीभाषक पट्ट्यापुरता हा विचार येथे केला आहे.

भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय 46 ते 47 च्या सुमारास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चारेक वर्षे अलीकडे आढळते. धूम्रपानाने ते एक-दोन वर्षे आणखी अलीकडे येते, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. निपाणी हे तंबाखूचे आणि विडीचे गाव. मिश्री लावण्याची सवयही या भागात जुनी. तथापि धूम्रपानावरून काढलेला निष्कर्ष मिश्रीला किंवा विडी वळताना नाकातोंडात जाणाऱ्या धुळीला जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल.

उपचार ठरवताना पहिला प्रश्न असतो तो काय काढले आणि कशासाठी, हा. ‘पिशवी काढली’ एवढे रुग्ण सांगते. अंडाशय ठेवले की तेही काढले, हे पुष्कळदा तिला कोणी सांगितलेलेच नसते. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाबरोबर (हार्मोन) प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक द्यावेच लागते, कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढते व कर्करोगाचा धोका संभवतो. गर्भाशय काढलेले असेल तर सामान्यतः एकटे इस्ट्रोजेन पुरते. अंडाशय ठेवले असले तरी ते काही वर्षे आधी मंदावू शकतात, आणि पाळीच नसल्याने ते लक्षात येत नाही. पस्तिशी-चाळिशीत दोन्ही अंडाशय काढलेल्या स्त्रीला, स्तनाच्या कर्करोगासारखा अडसर नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत. हाडे व हृदय यांसाठी ती आवश्यक मानतात. म्हणूनच शस्त्रक्रियेचे टिपण व काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल जन्मभर जपून ठेवायला हवा.

‘गर्भाशय काढले, आता एकटे इस्ट्रोजेन’ या नियमाला एंडोमेट्रिओसिसचा अपवाद असून मतभेद मुख्यतः येथेच आहे. आतड्यावर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर राहिलेले ठिपके इस्ट्रोजेनने पुन्हा जागे होतात, क्वचित त्यांचे कर्करोगात रूपांतर झाल्याच्या नोंदीही आहेत. दुसऱ्या बाजूला, प्रोजेस्टेरॉन-गटातील औषधे जोडल्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो. 2002 मध्ये थांबवलेल्या, या दोन्ही औषधांच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीने हीच भीती जगभर पसरवली. मात्र त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते आणि तिचे आकडे चाळिशीतल्या स्त्रीला लावणे योग्य नव्हे. युरोपीय प्रजननवैद्यक संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेने अशा रुग्णांत एकटे इस्ट्रोजेन टाळून सलग संयुक्त उपचारांकडे (दोन्ही संप्रेरके खंड न पाडता) कल दिला आहे. पुरावा भक्कम नसला तरी हाच मार्ग अधिक सावध वाटतो.

गर्भाशयातील गाठी बहुधा रजोनिवृत्तीनंतर आक्रसतात. संप्रेरकांनी त्या थोड्या वाढू शकतात, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी करतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीला अंगभर पसरणारी संप्रेरके देत नाहीत. अंगातून येणाऱ्या गरम वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिनसारखी, संप्रेरके नसलेली औषधे असतात. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असल्यास वाफांवरचेच पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटवते. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीत आधाराची रिंग बसवताना योनीत लावायचे इस्ट्रोजेन-मलम उपयोगी पडते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेले, तर ते गाठींमुळेच असेल असे गृहीत न धरता अस्तराची जाडी मोजावी. ती 4 मिमीहून जास्त असल्यास तुकडा तपासतात.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 3.3 टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांतील शस्त्रक्रियांची 2019 मध्ये चौकशी झाली. हेच मजूर हंगामात सीमाभागातील फडांवरही येतात. त्यामुळे शस्त्रक्रिया एका राज्यात आणि पुढचा त्रास दुसऱ्या राज्यात, असे होऊ शकते. निपाणीकडील रुग्ण कोल्हापूरला, तर महाराष्ट्रातील चंदगडचे बेळगावला जातात. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातील 865 सीमावर्ती गावांना लागू केली. कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. ही योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहे; शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे लागणाऱ्या गोळ्या रुग्णाला स्वतःच्या खर्चाने घ्याव्या लागतात.