बोर्डो की कॉपर ऑक्सिक्लोराईड? आधी तांबे मोजा

दोन्ही ताम्रयुक्त बुरशीनाशके, दोन्ही स्पर्शजन्य (पानाच्या वरवरच काम करणारी), दोन्ही रोग येण्याआधी फवारायची. पानात शिरलेली बुरशी यांतल्या कशानेच मरत नाही. बोर्डो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्यापासून आपण तयार करायचे, ऑक्सिक्लोराईड पुड्यातून काढायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोर्डो पावसात जास्त टिकते, हेही.

घोळ होतो तो पुढे. ‘बोर्डो सेंद्रिय शेतीत चालते, म्हणजे मातीला निर्धोक, ऑक्सिक्लोराईड रासायनिक, ते जपून वापरा’ हे ऐकून कान किटले. दोन्हींत बुरशीला मारतो तो तांब्याचा आयन, आणि जमिनीत साचते तेही तांबेच. म्हणून हिशेब धातूचा करा, पुड्याच्या वजनाचा नको.

मोरचुदाच्या निळ्या खड्यांत तांबे साधारण २५ टक्के असते. १ टक्का बोर्डोला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, म्हणजे २५० ग्रॅम तांबे. ५० टक्क्यांची ऑक्सिक्लोराईड भुकटी लिटरला २.५ ग्रॅम घेतली, तर १०० लिटरला तांबे पडते १२५ ग्रॅम. निर्धोक म्हणवणाऱ्या बोर्डोत दुप्पट! हेक्टरी १००० लिटर फवारले तर एकातून अडीच किलो, दुसऱ्यातून सव्वा. युरोपीय संघात मर्यादा आहे ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोंची, म्हणजे वर्षाला सरासरी ४; बोर्डोच्या दोनच फवारण्यांत ही सरासरी ओलांडली जाते. अर्थात ऑक्सिक्लोराईड धुऊन गेले म्हणून चारदा मारले, तर तेही पाच किलोंवर जाते.

तांबे कुजत नाही, उडून जात नाही. सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमातीच्या कणांना धरून ते वरच्या थरात बसते, नेमके गांडुळे आणि उपयोगी बुरशी राहतात तिथे. आम्ल जमिनीत ते जास्त मोकळे होते आणि मुळांनाही बाधते. एकदा साचलेले काढायचा सोपा उपाय नाही.

पाने करपण्याची कारणे मात्र वेगळी. बोर्डोत चुना कमी पडला की मोकळे तांबे उरते. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, भांडी प्लॅस्टिकची. चुन्याचे पाणी गाळून दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता, लाकडी काठीने ढवळत. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर अजून चुना घाला. त्याच दिवशी वापरा. उरलेले दुसऱ्या दिवशी चिकटत नाही. त्यात कीटकनाशक मिसळण्याची हौस सोडा, चुन्याच्या विम्लतेत बरीचशी निकामी होतात. ऑक्सिक्लोराईडचे दुखणे उलटे: पाणी आम्ल असेल किंवा सोबत आम्लधर्मी औषध घातले, तर तांबे झपाट्याने सुटते. दोन्ही थंड, ढगाळ हवेत मारू नका; पान उशिरा सुकते आणि डाग पडतात.

संततधार येणार असेल तर बोर्डो, कोवळ्या फुटीवर अर्धा टक्काच, एरवी ऑक्सिक्लोराईड. पान निळेजर्द होईस्तोवर फवारणे ही निव्वळ उधळपट्टी, ओघळणारे थेंब थेट मातीत जातात. पंप धुतलेले पाणी ओढ्यात ओतू नका: शेवाळ, पाणपिसवा आणि मासे यांना थोडेसे तांबेही घातक ठरते. ते पाणी फवारलेल्याच पिकावर पातळ करून मारा.