शेजाऱ्याच्या रानातून पाइपलाइन: तोंडी होकारापासून तहसीलदारांच्या आदेशापर्यंत

कोल्हापुरात पाणी खाली नदीत आणि रान वर माळावर. भोगावती, कासारी, दूधगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, पाणी तुंबवायचे आणि मोटरने वर चढवायचे, ही इथली रीत. पण जॅकवेलपासून (नदीकाठच्या उपसा-विहिरीपासून) माळापर्यंत मध्ये दहा-वीस जणांच्या जमिनी. त्या कोणी विकत घेत नाही. ‘ने की पाइप’ एवढ्या शब्दावर चर खणली जाते आणि पुढची पिढी वाटण्या करायला बसली की भांडण निघते.

या होकाराला कायद्यात काय किंमत, याचे उत्तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला. कोल्हापूर तेव्हा इलाख्याबाहेरचे संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. हा कायदा दोन गोष्टी वेगळ्या करतो. सुविधाधिकार, म्हणजे आपल्या जमिनीसाठी दुसऱ्याची जमीन ठरावीक कामाला वापरण्याचा हक्क, जमिनीला चिकटलेला असतो, मालक बदलला तरी टिकतो. परवानगी मात्र माणसाने माणसाला दिलेली असते. कलम ५९ प्रमाणे जमीन विकली गेली, तर नव्या मालकावर जुन्या मालकाची परवानगी बंधनकारक नसते. मूळ मालकाला मात्र हात आखडता घ्यावा लागतो: परवानगीच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायमस्वरूपी काम केले असेल, तर कलम ६० प्रमाणे ती मागे घेता येत नाही.

‘वीस वर्षं पाइप आहे, आता हक्क झाला’ हे चावडीवर हमखास ऐकू येते. कलम १५ ला वीस वर्षांची वहिवाट लागते, पण ती उघड, बिनतक्रार, अखंड आणि हक्क म्हणून केलेली हवी. विचारून टाकलेली पाइप हक्काची कशी म्हणणार? सौजन्याने परवानगी मागणाराच इथे अडकतो. शिवाय वहिवाट बंद पडल्यापासून दोन वर्षांत दावा लावला नाही, तर आधीची वीस वर्षेही वाया.

यातून वाट काढली ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ ने. स्वतःचा हक्क असलेल्या ठिकाणाहून शेतीसाठी पाणी न्यायचे आहे, पण मधला शेतकरी राजी नाही, अशा वेळी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून आणि चौकशी करून आदेश होतो. मार्ग शक्य तितका जवळचा आणि कमी नुकसानीचा हवा. पाइप जमिनीखालून असेल तर किमान अर्धा मीटर खोल, उघडा पाट असेल तर रुंदी दीड मीटरच्या आत. नुकसानभरपाई वेगळी आणि वर वार्षिक भाडे. जमिनीखालच्या पाइपसाठी ते दर दहा मीटरला पंचवीस पैसे! साठ वर्षांपूर्वीचा हा आकडा वाचून आज जमीनमालकाला हसू येते, मग राग.

अर्ध्या मीटरचा हिशेबही नांगराच्या काळातला. आता सबसॉयलर (खालची घट्ट माती फोडणारे ट्रॅक्टरचे अवजार) दीड-दोन फूट खाली जातो आणि पाइप फोडतो. म्हणून तीन फूट चर आणि शक्यतो बांधाच्या कडेने ओळ, हे बरे. व्हॉल्व्हचे चेंबर रानात मधोमध नको. उभ्या उसात गळती निघाली तर किती सऱ्या मोडायच्या आणि त्या उसाचे पैसे कोणी द्यायचे, हे आधीच लिहून घ्यावे. बहुतेक वाद पाण्याचे नसून या उसाचे असतात.

स्टँपवर लिहून नोटरी केलेले संमतीपत्र फार तर परवानगीचा पुरावा ठरते. कायमचा हक्क हवा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेला दस्त करावा. जुन्या कागदांत सर्व्हे नंबर असतात आणि जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर सातबाऱ्यावर गट नंबर, तेव्हा दोन्ही लिहावेत. तहसीलदारांचा आदेश असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात फेरफाराने नोंद होते का, हे तलाठ्याकडे पाठपुरावा करून पाहावे. चालू पाण्याला कोणी अडथळा केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडेच दावा लावता येतो, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत.